गोधडी विकली, पण बाईला काय उरलं?

(मानवत इथे बचतगटातल्या बायका आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण उद्योग सुरू कसा करायचा यावर बरंच ऐकलं. कर्ज कुठून मिळतं, प्रशिक्षण कोण देतं, अर्ज कुठे करायचा, ही सगळी माहिती झाली. मला दिलेला विषय त्यामानाने बिनउत्साहाचा आहे. सुरू झालेला उद्योग टिकवायचा कसा, असा तो विषय. उद्घाटनाला पाहुणे येतात, फीत कापली जाते, फोटो निघतो. तिसऱ्या वर्षी शिलाई मशीन कोपऱ्यात जातं, त्यावर कपड्यांचा ढीग पडतो, तेव्हा विचारायला कुणी येत नाही. आणि त्या वेळी घरातलं वाक्य ठरलेलं असतं, ‘तुला म्हटलंच होतं, तुझ्याच्यानं व्हायचं नाही.’ हे वाक्य बाईला ऐकावं लागू नये, म्हणून आजचं बोलणं.

उदाहरण म्हणून मी गोधडी घेते. इथल्या बऱ्याच जणींच्या हाताला धावदोऱ्याची सवय आहे. तुम्ही त्या जागी लमाणी भरतकाम ठेवा, रुखवताच्या वस्तू ठेवा, तोरणं ठेवा, कापडी बाहुल्या ठेवा. हिशोब तोच राहतो.

मानवत हे कापसाचं गाव. मोंढ्यात कापसाच्या गाड्या लागतात, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि बाहेर जातात. मग तोच कापूस कापड होऊन, साडी होऊन, दहापट भावाने आपल्याकडे परत येतो. ती साडी आपण फाटेपर्यंत नेसतो आणि फाटल्यावर तिची गोधडी करतो. म्हणजे कापूस वेचण्यापासून ते चिंधी शिवण्यापर्यंत पहिलं आणि शेवटचं काम बाईचं, आणि मधला सगळा नफा दुसऱ्याचा. गोधडीचा उद्योग करायचा म्हणजे या साखळीतलं निदान शेवटचं टोक तरी आपल्या हातात घ्यायचं. हे लहान काम नाही.

आधी कष्टाचा हिशोब

‘ताई, एक गोधडी दोन हजाराला गेली,’ असं कुणी सांगितलं की आपल्याला आनंद होतो. व्हायलाच पाहिजे. पण लगेच वही काढायची. आपण एक नमुन्याचा हिशोब मांडू. आकडे तुम्ही तुमचे घाला.

समजा मोठी, दोघांच्या अंथरुणाची गोधडी आहे. वरचं नवीन सुती कापड ३०० रुपयांचं. आतल्या थरांसाठी बोहारणीकडून घेतलेल्या ४ जुन्या साड्या, ४० रुपयांप्रमाणे १६०. दोरा ६०. पिशवी, चिठ्ठी आणि विकायला नेण्याचं एसटीचं भाडं वाटून ८०. झाले ६००. विकली २,००० ला. राहिले १,४००.

इथेच बऱ्याच जणींचा हिशोब थांबतो. ‘१,४०० सुटले.’ आता तास मोजा. साड्या धुणं, वाळवणं, उसवणं, कापणं याला ६ तास. हाताचे टाके ६० तास. कडा दुमडून पक्क्या करायला ४ तास. एकूण ७०. म्हणजे १,४०० भागिले ७०, तासाला २० रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर १६० रुपये रोज पडला. आता मला सांगा, खुरपणीला, वेचणीला तुमच्या गावात काय रोज चालतो? या हिशोबाने गोधडीवाली शेतमजुरणीपेक्षाही स्वस्त पडली. आणि आपण त्याला ‘सुटले’ म्हणतो!

हे ७० तास मोजले जात नाहीत, त्यामागे कारण आहे. ते दुपारचे तास आहेत, रात्री जेवणं झाल्यावरचे आहेत. ‘फावल्या वेळात करते’ असं आपण स्वतःच म्हणतो. बाईला फावला वेळ कुठला? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत निघालं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाचे ८८. जवळपास पाच तास आणि दीड तास. त्या पाच तासांनंतर जे शिवणं होतं तो फावला वेळ नव्हे, ती दुसरी पाळी आहे. कारखान्यात दुसऱ्या पाळीचा पगार मिळतो. म्हणून गोधडीची किंमत ठरवताना सामानाच्या आधी तास लिहायचे.

समजा गटाने ठरवलं की तासाला निदान ४० रुपये पाहिजेत. ७० तासांचे २,८०० आणि सामानाचे ६००, झाले ३,४००. त्यावर दहा टक्के उद्योगासाठी, म्हणजे ३४०. किंमत आली ३,७४०. ‘एवढ्याला कोण घेईल?’ बरोबर आहे, मानवतच्या बाजारात कुणी घेणार नाही. मग मार्ग दोन. एक, एवढी किंमत देणारं गिऱ्हाईक जिथे आहे तिथे ती न्यायची, आणि वर्षात मोजक्याच मोठ्या गोधड्या करायच्या. दुसरा, याच टाक्यात छोटी वस्तू करायची. बाळाचं दुपटं घ्या. सामान १५० चं, काम १० तासांचं, विकलं ५०० ला. राहिले ३५०, तासाला ३५ रुपये. मोठी गोधडी आपलं नाव करते आणि दुपटं आपलं दळण चालवतं. कुठल्या वस्तूने नाव होतं आणि कुठल्या वस्तूने घर चालतं, हे प्रत्येक गटाला वहीवरून सांगता आलं पाहिजे.

लिज्जतकडून काय घ्यायचं

लिज्जत पापडाचं नाव प्रत्येक मेळाव्यात निघतं. १५ मार्च १९५९, मुंबईत गिरगावात सात बायका, ८० रुपये उसने, आणि आज हजारो बहिणी. गोष्ट प्रेरणेची म्हणून सांगतात आणि टाळ्या घेतात. मला त्या गोष्टीतले कामाचे भाग सांगायचे आहेत.

पहिल्या दिवशी त्यांनी पापडाची चार पाकिटं केली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. सुरुवात इतकी लहान होती. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. उद्योग मरतो तो अशाच बंदीत. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट घेतली, एक शेगडी घेतली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी. एवढ्या साध्या युक्तीने बारमाही काम सुरू झालं. पहिल्या वर्षी नडलेली गोष्ट त्यांनी नशिबावर सोडली नाही.

दुसरं, सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. ८० रुपये देणारे छगनलाल करमसी पारेख यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा. आपल्याकडेही ‘हे शहरातल्यांसाठी, हे आपल्या बाजारासाठी’ अशा दोन प्रती सुरू होतात, आणि सहा महिन्यांत सगळाच माल दुसऱ्या प्रतीचा होतो. छोटी वस्तू करा, स्वस्त वस्तू करा, पण टाका ढिला करू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. लिज्जतमध्ये कामाला येणारी बाई मजूर नसते, सहमालक असते. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तरी तिचा. आपल्या कित्येक गटांमध्ये अध्यक्ष आणि सचिव मालकिणी होतात आणि बाकीच्या आठ-दहा जणी नगावर शिवतात. बाईने बाईची मजुरी मारली तर ती मारलेलीच असते. गट म्हणून उभं राहायचं असेल तर वही सगळ्यांसमोर उघडी पाहिजे.

एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर

दुसरं उदाहरण गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार ज्या बायकांकडे जेवत, त्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत पिचलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँका तोपर्यंत रांधणाऱ्या बाईला उद्योजक मानतच नव्हत्या.

पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक जण गावी परतले. ज्या बाईचं सगळं गिऱ्हाईक गिरणीचं, तिच्या चुलीचं काय झालं असेल? तिचा स्वयंपाक बिघडला नव्हता, तिचा हिशोब चुकला नव्हता. तिचं गिऱ्हाईक एकाच फाटकातून येत होतं आणि ते फाटक बंद झालं.

आपल्या गटांचं गिरणीचं फाटक कोणतं? कुणाचं एक प्रदर्शन, कुणाची एक संस्था, कुणाचा पुण्या-मुंबईतला एक दुकानदार. संस्थेतली ताई बदलून गेली की ऑर्डर बंद. म्हणून माझा आग्रह असतो की निम्म्याहून जास्त माल एका ठिकाणी जाऊ द्यायचा नाही. थोडा गावात, थोडा परभणीत, थोडा प्रदर्शनात, थोडा फोनवरून. गावातलं गिऱ्हाईक पैसे कमी देतं, पण वाईट काळात ते शेजारीच असतं.

प्रदर्शनाचाही हिशोब मांडावा. जाण्यायेण्याचं भाडं, पाच दिवसांचं जेवण, मालाचं ओझं, घरी मुलांना सांभाळणारीला दिलेले पैसे आणि ते पाच दिवस बुडालेलं काम, एवढं वजा करून काय राहिलं ते लिहायचं. कधी काहीच राहत नाही, पण तिथे चाळीस फोन नंबर मिळतात. मग पुढचे सहा महिने त्या चाळीस जणांना फोटो पाठवणं हे काम आहे. ते न करता परत आलात तर ती सहल झाली.

हंगाम आणि हप्ता

आपलं वर्ष शेतीवर चालतं. आषाढ-श्रावणात खुरपणी, दिवाळीच्या पुढे-मागे कापसाची वेचणी. त्या दिवसांत सुई हातात धरायला सवड नाही, कारण रोख रोज शेतात मिळतो. आणि गोधडीला मागणी येते ती नेमकी थंडी पडायला लागल्यावर! म्हणजे शिवायचं उन्हाळ्यात आणि विकायचं हिवाळ्यात. मधले पाच-सहा महिने पैसा कापडात अडकलेला. यालाच खेळतं भांडवल म्हणतात, आणि उद्योग बसतो तो बहुतेक वेळा इथे. माल पडून असतो, पेटी रिकामी असते, आणि लेकराच्या शाळेची पुस्तकं मात्र जूनमध्येच घ्यावी लागतात.

अशा वेळी दारात कर्ज देणारा येतो. कागद कमी, पैसे लगेच, हप्ता दर आठवड्याला. मी कर्जाच्या विरोधात नाही. पण जी वस्तू पाच महिन्यांनी विकली जाणार, तिच्यासाठी पुढच्या सोमवारपासून हप्ता सुरू होणारं कर्ज घ्यायचं नाही. तो हप्ता गोधडीतून जाऊ शकत नाही, तो रोजंदारीतून किंवा दुसऱ्या कर्जातून जातो. चहा, भाजी, बांगड्या असा रोज पैसा फिरणाऱ्या धंद्याला आठवड्याचा हप्ता झेपतो. आपल्याला गटाच्या अंतर्गत कर्जातून किंवा बँकेकडून असं कर्ज मागायचं आहे, ज्याची परतफेड माल विकला गेल्यावर सुरू होते. बँकेतला साहेब ‘असं नसतं’ म्हणाला तर आपला हंगाम कागदावर मांडून दाखवायचा.

कागद म्हटलं की आपण बिचकतो. माणदेशात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेक जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या बायका गावात परतल्या, अक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नव्हतं, पण व्याजाचा हिशोब आम्ही तोंडी करतो, विचारून बघा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्याज बाईला कळतंच. कळलेलं साहेबापुढे ठामपणे बोलायची मात्र सवय करावी लागते.

उधारी, नातं आणि अडकलेले पैसे

कलाकुसरीच्या धंद्याला एक जादा रोग आहे. किराणा दुकानात कुणी म्हणत नाही की ‘तुझ्या हातची साखर म्हणून एक किलो अशीच दे.’ पण गोधडीला म्हणतात. नणंदेच्या बाळंतपणाला दुपटं, सरपंचीणबाईंना तोरण, पाहुणे आले की आठवण म्हणून पिशवी. द्यायचं असेल तर खुशाल द्या, बाईने माया आटवावी असं माझं म्हणणं नाही. पण वहीत ‘भेट’ असा रकाना करा आणि त्यात तिची पूर्ण किंमत लिहा. वर्षाच्या शेवटी त्या रकान्याची बेरीज घरात मोठ्याने वाचा. पुढच्या वर्षी मागणारे आपोआप कमी होतात.

मोठी उधारी दुकानदाराची. माल घेऊन जातो, ‘विकला की देतो’ म्हणतो, सहा महिने फोन उचलत नाही. इथे कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार माल स्वीकारल्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि दाद मागायला सुविधा परिषद आहे. त्यासाठी आधीपासून ‘उद्यम’ नोंदणी पाहिजे. ती आधार आणि पॅनवर होते आणि तिला फी नाही. पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला हात जोडा. मोठ्या ऑर्डरला इसार घ्यायचाच, निदान कापडाचे पैसे. आणि दिलेल्या मालाची सही घेतलेली पावती ठेवायची. तोंडी व्यवहारात नेहमी गरिबाचंच तोंड बंद होतं.

नक्षी कुणाची, नाव कुणाचं

कार्यकर्त्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या मोठ्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे ओरड झाली, मग कंपनीला मान्य करावं लागलं. ओरड करता आली, कारण कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन होतं, कागद होता. पण हे मानांकन प्रदेशाच्या नावाचं रक्षण करतं. ती चपल शिवणाऱ्या, वेण्या घालणाऱ्या बाईचं नाव त्या कागदावरही नाही.

हीच गोष्ट आपल्या गटांमध्ये घडते. भटक्या समाजातल्या बायका पिढ्यान् पिढ्या घरोघरी फिरून गोधड्या शिवून देतात. त्यांना ‘गोधडीवाली’ म्हणतात आणि दारातच बसवतात. तीच नक्षी शहरातल्या शिकलेल्या मुलीने कागदावर काढली की ती ‘डिझायनर’ होते. एकीला नगावर पैसे, दुसरीला नाव आणि नफा. कला कुणाची म्हणायची आणि हमाली कुणाची, हे जातीने आणि शिक्षणाने ठरतं. स्त्री-संघटनांनी हस्तकलेला मदत करताना हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. साधा उपाय सुचवते. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावा आणि त्यावर शिवणारीचं नाव, तिला लागलेले तास आणि गावाचं नाव लिहा. गिऱ्हाईक ‘७० तास’ वाचतं तेव्हा घासाघीस करताना त्याची जीभ अडखळते.

गावाचं नाव लिहा असं मी मुद्दाम म्हणते. मानवतचं नाव बाहेर घेतलं की लोकांना १९७२ ते १९७४ मधलं हत्याकांड आठवतं. २०२४ मध्ये त्यावर मालिकाही आली. ते सगळे बळी बायकांचे आणि पोरींचे होते. गुप्तधनाच्या लोभापायी बायका-पोरींना मारलेलं गाव, ही ओळख पन्नास वर्षं या गावाला चिकटली आहे. त्याच गावाचं नाव बायकांच्या कष्टाच्या वस्तूवर, बाईच्या नावाशेजारी छापलं जाऊ दे.

घरातली मालकी

आता शेवटचं आणि अवघड. उद्योग टिकतो की नाही हे निम्मं बाजारात आणि निम्मं घरात ठरतं. पैसे कुणाच्या फोनवर येतात? आज गिऱ्हाईक यूपीआयने पैसे देतं. तो नंबर नवऱ्याचा असेल तर विक्री तुमची आणि जमा त्याची. बिलबुकावर नाव कुणाचं? नोंदणी कुणाची? २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे. १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज. पण लाभ एका कुटुंबातल्या एकालाच. मग घरात कुणाचं नाव पुढे जातं? शिवणारी ती आणि अर्जदार तो, असं होऊ नये हे बघणं कार्यकर्त्यांचं काम आहे.

‘बाईची कमाई घरचीच’ असं म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १४. बाईने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेली मालमत्ता ही तिच्या संपूर्ण मालकीची. मुस्लिम कायद्यातही बाईची कमाई तिचीच असते, लग्नाने त्यावर नवऱ्याचा हक्क येत नाही. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचारच धरला आहे. तिचं मशीन विकून टाकणं, तिच्या हक्काचे पैसे काढून घेणं, हे ‘घरातलं भांडण’ नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे त्याची तक्रार करता येते.

पण प्रत्येक घरात भांडायचंच असंही नाही. दोन बटवे करा. एक घराचा, एक उद्योगाचा. उद्योगाच्या बटव्यातून घरात द्यायची ती फक्त तुमची मजुरी. कापड-दोऱ्याचे पैसे आणि ते दहा टक्के बटव्यातच राहतील. घरात अडचण आली, दवाखाना निघाला, तर त्या बटव्यातून उसने घ्या आणि उसने म्हणून लिहा. स्वतःच्या उद्योगाची उधारी बुडवायची नाही. आणि शिवायचे तास मिळावेत म्हणून संध्याकाळची भाकरी किंवा पाणी भरणं कुणीतरी दुसऱ्याने उचललंच पाहिजे. दुपटं विकलं जावं असं सगळ्या घराला वाटतं, तर भांडी घासणंही सगळ्या घराचं.

उद्योग हे औषध नाही

एक सांगून थांबते. सरकार काय, बँका काय, संस्था काय, गरिबी हटवायचं सगळं काम बायकांच्या सुईवर टाकून मोकळे होतात. शेतमालाला भाव नाही, मजुरीचा दर वाढत नाही, दवाखान्यात औषध नाही, आणि उत्तर काय, तर ‘बचतगट काढा, गोधड्या शिवा.’ सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं पाण्यात गेली. सुईच्या टाक्याने ते नुकसान शिवलं जात नाही. रोजगार हमी, रेशन, समान मजुरी यासाठीची लढाई आपल्याला करायचीच आहे. उद्योग त्या लढाईच्या जागी येत नाही. मात्र ज्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे आणि स्वतःची वही असते, ती मोर्चाला येताना घरी परवानगी कमी वेळा मागते. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आणि कधी कधी उद्योग बंद करणंही शहाणपणाचं असतं. दोन हंगाम तासांचा हिशोब ठेवला, किंमत बदलून पाहिली, वस्तू बदलून पाहिली, तरी रोज पडत नसेल, तर उधारी वसूल करून, कर्ज फेडून, मशीन आपल्याच नावावर ठेवून थांबायचं. कर्जात बुडेपर्यंत ओढत नेण्यात कसलाही मोठेपणा नाही. थांबलेल्या बाईला ‘तुला जमलं नाही’ असं निदान आपल्या गटात कुणी म्हणू नये. तिची वही पुढच्या जणीला शिकवायला उपयोगी पडते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीन गोष्टी आणाव्यात. शेवटच्या पाच वस्तूंना लागलेले तास, कुणाकडे किती येणं आहे त्याची यादी, आणि पैसे जमा होतात त्या खात्यावर कुणाचं नाव आहे त्याची नोंद. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तासाला एक रेघ ओढली तरी चालेल. त्या रेघा आपण सगळ्या मिळून मोजू आणि पुढच्या थंडीतल्या गोधडीची किंमत त्यावरून ठरवू.